शब्द देही झाला म्हंजे नक्की काय झालं?

आमचा लोकलचा ग्रुप आहे. लेडीज डबा, सकाळची चर्चगेट फास्ट, मी वांद्र्याला चढते आणि तोपर्यंत बोरिवली-कांदिवलीच्या बायका सगळ्या सीटा अडवून बसलेल्या असतात, त्यामुळे माझ्या नशिबी फोर्थ सीट, ती पण कुणाला दया आली तर. डिसेंबरात मात्र बरोबर जागा होते, कारण माझ्या पिशवीत कुलकुलचा, नाताळच्या तळलेल्या गोड खाऊचा, डबा असतो. गेल्या नाताळाच्या आधी तो डबा असाच फिरत होता आणि बोरिवलीच्या एका ताईंनी कुलकुल तोंडात टाकता टाकता विचारलं, "तुमचा येशू म्हंजे अवतारच ना गं? आमचे दहा, तुमचा एक." मी म्हटलं हो, तसंच काहीतरी. विषय तिथेच संपला, कारण पुढे दादर होतं आणि दादर येताना कोणी देवाधर्माचं बोलत नाही, सगळ्या दाराकडे सरकतात.

पण ते दिवसभर टोचत राहिलं. मी ईस्ट इंडियन, म्हंजे मुंबईच्या मूळ ख्रिस्ती लोकांतली, वांद्र्याच्या गावठाणात वाढलेली, घरात मराठी, दर रविवारी मिस्सा म्हंजे चर्चमधली मुख्य उपासना, मिस्सानंतर कॅटेकिझमचा, धर्मशिक्षणाचा, क्लास, आणि एवढं सगळं करून जो आमच्या श्रद्धेचा मधला खांब आहे त्याच्याबद्दल मी "तसंच काहीतरी" म्हणून मोकळी झाले. नाताळनंतर ग्रुपमधल्या चौघीजणी घरी क्रिब, म्हंजे येशूजन्माचा गोठ्याचा देखावा, बघायला आल्या तेव्हा परत विषय निघाला आणि या वेळी दादर नव्हतं. तेव्हा जे जमेल तसं सांगितलं ते इथे जरा नीट लिहितेय.

ख्रिस्ती लोक काय मानतात ते आधी सरळ सांगते. ज्याने हे सगळं जग केलं तो देव, देवपण न सोडता, एका ठराविक काळात, एका ठराविक बाईच्या पोटी, खराखुरा माणूस म्हणून जन्माला आला आणि तो माणूस म्हंजे नासरेथचा येशू. मराठीत याला देहधारण म्हणतात. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असा एकच देव, त्यातला पुत्र माणूस झाला, पिता नाही, आत्मा नाही. त्रैक्याचं प्रकरण वेगळं आणि मोठं आहे, त्यात शिरले तर इथून बाहेर पडणार नाही, म्हणून आज एवढ्यावरच भागवा.

यातल्या "ठराविक" शब्दाकडे लक्ष द्या हं. रोममधे औगुस्त बादशहा होता, यहुदियात हेरोद राजा होता, म्हंजे तारखा लावता येतील असा काळ. गंमत अशी की हेरोद इसवी सनापूर्वी ४ मधे मेला असं इतिहासकार धरतात आणि येशू जन्मला तेव्हा तो जिवंत होता, त्यामुळे ख्रिस्ताचा जन्म ख्रिस्तपूर्वच झाला! सहाव्या शतकात दियोनिसियस नावाच्या साधूने वर्षांचा हिशोब मांडला त्यात थोडी चूक राहिली आणि अख्खं जग ते कॅलेंडर भिंतीवर लावून बसलंय. आणि गाव कुठलं तर नासरेथ. योहानाच्या शुभवर्तमानात, म्हंजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रात, नथनेल नावाचा एकजण ऐकल्या ऐकल्या म्हणतो, नासरेथातून काही चांगलं निघू शकतं का? आपल्याकडे कसं "कुठे राहता, विरारच्या पण पुढे का" असं विचारतात ना, अगदी त्याच टोनमधे.

आता योहानाचं ते वाक्य, ज्यावर हे सगळं उभं आहे. मराठी बायबलमधे ते असं आहे: "शब्द देही झाला आणि त्याने आमच्यामध्ये वस्ती केली." शब्द म्हंजे ग्रीकमधला लोगॉस, देवाचा विचार, बोल, ज्याच्यामार्फत सगळं झालं तो. मला मात्र लहानपणापासून पुढचा शब्द आवडतो, वस्ती. मूळ ग्रीकमधे तिथे तंबू ठोकला अशा अर्थाचं क्रियापद आहे, इस्राएली लोक रानात भटकत होते तेव्हा देवाचा निवास तंबूत असायचा त्याची आठवण. मराठीत वस्ती म्हटलं की गावाकडच्या माणसाला रात्रीच्या मुक्कामाची वस्तीची एसटी आठवते. आणि मुंबईत वस्ती म्हंजे काय ते सांगायलाच नको, वस्तीत पाणी आलं नाही, वस्तीतली पोरं, वस्ती उठवली. ज्याने भाषांतर केलं त्याच्या मनात हे होतं असं अजिबात नाही, पण मुंबईत वाढलेल्या माणसाच्या कानाला ते वाक्य तसंच ऐकू येतं त्याला मी काय करू. देवाने आमच्यात झोपडं टाकलं. टॉवरमधे फ्लॅट घेऊन बाल्कनीतून खाली बघत बसला नाही.

आता इथे बहुतेक लोक एक चित्र डोळ्यासमोर आणतात, आणि मीही बरीच वर्षं तेच आणत होते, की देवाने माणसाचा वेष घेतला. म्हंजे राजा वेषांतर करून रात्री शहरात फिरतो तसं. पण याच्यापेक्षा चांगला नमुना आपण सगळ्यांनी बघितलाय. एखादे मंत्री अचानक लोकलने प्रवास करतात, सोबत कॅमेरे, बॉडीगार्ड, दोन-चार स्टेशनं खांबाला धरून उभे राहतात, "मी पण सामान्य माणूस" असं म्हणतात आणि पुढच्या स्टेशनाबाहेर गाडी उभीच असते. आता दुसरा माणूस बघा. त्याच्याकडे सेकंड क्लासचा पास आहे, बाहेर गाडी नाही, पावसात ट्रॅकवर पाणी आलं तर तोही डब्यात अडकतो, मांजरासारखी झोप काढतो आणि खांदा दुखतो. मंत्र्याने प्रवास "केला", याचं मात्र ते आयुष्य आहे. ख्रिस्ती श्रद्धा म्हणते देव हा दुसऱ्या प्रकारे आला. परतीची गाडी उभी करून आला नाही.

वेषवालं मत फार जुनं आहे, पहिल्या-दुसऱ्या शतकातच निघालं होतं. देव इतका पवित्र, तो या घामाच्या, रक्ताच्या शरीरात कसा येईल, तेव्हा तो फक्त तसा "दिसला" असणार. ग्रीकमधे दिसण्याच्या शब्दावरूनच त्या मताला नाव पडलं, डोसेटिझम. ऐकायला ते भक्तीचं वाटतं, देवाची इज्जत राखल्यासारखं, पण चर्चने ते जवळजवळ पहिल्या झटक्यात बाहेर काढलं. दुसऱ्या शतकाच्या सुरवातीला अंत्युखियाचा बिशप इग्नेशियस, त्याला पकडून रोमला जनावरांपुढे टाकायला नेत होते, वाटेत तो पत्रं लिहित होता आणि त्यात परत परत हेच, की तो खरोखर जन्मला, खरोखर जेवला-प्याला, खरोखर मेला, आणि त्याचं दुःख जर नुसता देखावा असेल तर मग मी का या साखळदंडात आहे. मला हे फार पटतं. खरं दुःख ज्याच्या समोर उभं आहे त्याला देखाव्यातला देव काय कामाचा.

शुभवर्तमानं वाचा, जागोजागी शरीर आहे. शोमरोनात विहिरीपाशी तो दमून बसतो आणि एका बाईकडे पाणी मागतो. होडीत वादळ चालू असताना मागच्या बाजूला उशी घेऊन गाढ झोपलेला असतो. मित्र लाजर गेला तेव्हा रडतो. आठव्या दिवशी त्याची सुंता होते आणि नाव ठेवतात, यहुदी पद्धतीप्रमाणे, आपल्याकडच्या बेने इस्राएल लोकांत होते तशीच, हे आम्ही ख्रिस्ती लोक सोयीस्कर विसरतो, चर्चमधले सगळे येशू गोरे आणि निळ्या डोळ्यांचे. आणि सगळ्यात भारी म्हंजे मधली वर्षं. लूक आपल्या शुभवर्तमानात लिहितो की लोकांपुढे काम सुरू केलं तेव्हा तो साधारण ३० वर्षांचा होता. त्याआधीचं जवळजवळ काहीच लिहिलेलं नाही, बारा वर्षांचा असताना यरुशलेमच्या मंदिरात मागे राहिला आणि आईबाप शोधत फिरले एवढा एक किस्सा सोडला तर. बाकी सुतारकाम. रंधा, लाकडाचा भुसा, उधारी, गिऱ्हाईक. देव माणूस झाला आणि त्यातला बहुतेक वेळ त्याने कुणाला न सांगता कामावर जाण्यात घालवला. कधी कधी सकाळी ब्रिज चढताना मला हे आठवतं.

आता अवताराचा प्रश्न, कारण ताई वाट बघतायत. सारखेपणा आहे, उगाच नाही म्हणायचं नाही. देव लांब बसत नाही, माणसांसाठी खाली येतो, ही भावना दोन्हीकडे आहे आणि महाराष्ट्रात तर ती आणखीनच घट्ट. जनाबाईसोबत दळण दळणारा विठ्ठल, एकनाथांच्या घरी श्रीखंड्या होऊन पाणी भरणारा कृष्ण, असा हाताखाली काम करणारा देव ज्यांच्या ओळखीचा आहे त्यांना गोठ्यातलं बाळ काही परकं वाटत नाही. फादर थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट १५७९ मधे गोव्यात आला, त्याने येशूची सगळी कथा मराठी ओव्यांत लिहिली, जवळपास ११ हजार ओव्या, १६१६ मधे छापल्या. त्याने ओवी उचलली कारण त्याला दिसलं की या लोकांच्या कानाला देवाची गोष्ट ओवीतूनच ओळखीची वाटते.

पण फरक आहे आणि तो बारीक नाही. गीतेत "संभवामि युगे युगे" आहे, गरज पडेल तेव्हा परत परत. ख्रिस्ती लोक म्हणतात एकदाच. परत येईल असं मानतात, पण तोच येईल, दुसरा जन्म घेऊन नाही. दुसरं, अवतार बहुतेक वेळा काम संपलं की ते रूप संपवून निजधामाला जातो. येशूच्या बाबतीत श्रद्धा अशी की घेतलेलं माणूसपण त्याने परत उतरवलंच नाही, त्याच्यावर पुढे येतेच. आणि तिसरं म्हंजे दळणाचं. विठ्ठल जनाबाईला मदत करायला येतो, तो आला की तिचं जड जातं हलकं होतं. येशूच्या गोष्टीत मदतीला कोणी येत नाही, तो स्वतःच जनाबाईच्या जागी बसलाय, आणि शेवटी क्रूसावरून "माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास" असं ओरडतो. कुठलं चांगलं, कुठलं वाईट हे मी बोलत नाहीये. फक्त "तसंच काहीतरी" नाहीये एवढंच. हिंदू परंपरेत पण अवताराबद्दल एकच मत नाही हे मला माहितीये, कोणी शास्त्र शिकलेला यात चार दुरुस्त्या करेल.

दुसऱ्या बाजूची सोपी वाट अशी की ठीके, तो देव नव्हता, देवाने पाठवलेला सगळ्यात मोठा, सगळ्यात पहिला, पण देवाने निर्माण केलेला. इजिप्तमधे अलेक्झांड्रिया शहरात आरियस नावाचा पाद्री होता, त्याचं म्हणणं हेच. असा एक काळ होता जेव्हा पुत्र नव्हता. माणूस हुशार, म्हणतात की त्याने आपलं मत गाण्यांत घालून खलाशी आणि जात्यावर दळणाऱ्यांच्या तोंडी दिलं. भांडण एवढं वाढलं की कॉन्स्टंटाईन बादशहाने ३२५ मधे निकेया गावी, आजच्या तुर्कस्तानातल्या इझनिकला, बिशपांची मोठी सभा बोलावली. तिथे ठरलं की पुत्र "केलेला" नाही आणि तो पित्याबरोबर एकाच तत्त्वाचा आहे. त्याला २०२५ मधे १७०० वर्षं झाली. पण सभेने भांडण मिटलं नाही, उलट पुढची पन्नास-साठ वर्षं पेटलंच. अथानासियस नावाचा अलेक्झांड्रियाचा बिशप निकेयाच्या बाजूने अडून राहिला म्हणून त्याला पाच वेळा हद्दपार केलं. मधला मार्ग म्हणून काहींनी सुचवलं की "एकाच तत्त्वाचा" ऐवजी "सारख्या तत्त्वाचा" म्हणूया, होमोऊसियोस ऐवजी होमोइऊसियोस, ग्रीकमधे फक्त एका इकाराचा फरक. आपल्या भाषेत एका वेलांटीवरून भांडण. निसाचा बिशप ग्रेगरी लिहितो की कॉन्स्टँटिनोपलमधे, म्हंजे आजच्या इस्तंबूलमधे, सुट्टे मागा तर समोरचा पुत्र जन्मलेला की न जन्मलेला ते सांगत बसतो, आणि पावाचा भाव विचारा तर म्हणतो पिता मोठा आहे. आपल्याकडे रिक्षावाला क्रिकेटवर बोलतो तसं.

या वेलांटीचं एवढं काय? ज्यांच्या बिल्डिंगा रिडेव्हलपमेंटला गेल्यात त्यांना पटकन कळेल. मीटिंगला बिल्डर कधी येतच नाही. एक सुपरवायझर येतो, चांगला असतो, गोड बोलतो, सगळं लिहून घेतो, "साहेबांना सांगतो" म्हणतो. आरियसचा येशू तो सुपरवायझर आहे. निकेयाचं म्हणणं असं की साहेब स्वतः आले, आणि ऑफिसात बसले नाहीत, ट्रान्झिट कॅम्पात राहिले. अथानासियसचा मुद्दा हाच होता, माणसाचं जे बिघडलंय ते ज्याने बनवलं त्यानेच हात घालून सुधारायला हवं, कारण केलेली गोष्ट दुसऱ्या केलेल्या गोष्टीला देवाशी जोडू शकत नाही.

मग तिसरी सोपी वाट, निम्मं निम्मं. कटिंगसारखं, अर्धा कप हा अर्धा कप तो. अपोलिनारिस नावाच्या बिशपने म्हटलं की शरीर माणसाचं पण आत मनाच्या जागी देव, म्हंजे गाडी माणसाची आणि ड्रायव्हर देव. ऐकून मला पण आधी वाटलं बरोबर आहे की. पण नाझियान्झसच्या ग्रेगरीने, हा दुसरा ग्रेगरी, त्यावर जे म्हटलं ते असं, की त्याने जे अंगावर घेतलंच नाही ते बरं झालंच नाही. विचार करा, आपल्याला शरीर कमी आणि मन जास्त त्रास देतं. रात्री दोनला जाग येते ती काही गुडघ्यामुळे नाही, ईएमआय, पोरीची बारावी, आईचे रिपोर्ट. माणसाचं मनच जर त्याने घेतलं नसेल तर नेमकी दुखणारी जागा सोडून बाकी सगळीकडे मलम लावल्यासारखं झालं. ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या सभेने हेही मत नाकारलं. म्हणून गेथशेमाने बागेत, पकडलं त्याच रात्री, पकडायच्या आधी, तो घाबरतो ते खरं घाबरणं आहे. हा प्याला माझ्यापासून दूर कर, तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या होवो. यावरच पुढे सातव्या शतकात वाद झाला की त्याला इच्छा एक की दोन, आणि दोन म्हणणाऱ्या मॅक्सिमस नावाच्या म्हाताऱ्या साधूची जीभ आणि उजवा हात तोडला. तो ६६२ मधे गेला, आणि ६८०-८१ च्या सभेने ठरवलं की त्याचंच बरोबर होतं. काय उपयोग म्हणा.

आमच्या घरी आलेल्यांपैकी एकीने विचारलं, "मग मरिया देवाची आई कशी? देवाला आई कशी असेल?" हाच प्रश्न ४२८ नंतर कॉन्स्टँटिनोपलच्या मोठ्या बिशपला, नेस्टोरियसला पडला होता. तो म्हणाला तिला ख्रिस्ताची आई म्हणा, देवाची नको. अलेक्झांड्रियाचा सिरिल त्याच्यावर तुटून पडला, राजकारण पण भरपूर होतं त्यात, सिरिल काही गरीब गाय नव्हता. ४३१ ला इफिसच्या सभेत सिरिलची बाजू जिंकली. मुद्दा खरंतर सोपा आहे. माझी आई माझ्या फक्त हाडामासाची आई नाही, आत्मा तिने बनवला नसला तरी ती *माझी* आई आहे, अख्ख्या माणसाची. मरियेच्या पोटी जो आला तो जर देवच असेल तर ती देवाची आई, तिने देवपण बनवलं म्हणून नाही, तर जो जन्मला तो दोन माणसं नाहीत, एकच आहे म्हणून.

हे पुस्तकी वाटत असेल तर सप्टेंबरात वांद्र्याच्या मोत माउलीच्या, म्हंजे माउंट मेरीच्या, जत्रेला चढून बघा. ८ सप्टेंबरला मरियेचा वाढदिवस, त्यानंतरच्या रविवारपासून आठवडाभर जत्रा. वर रस्त्याच्या कडेला मेणाचे हात, पाय, डोकी, बाळं, घरं विकायला असतात, ज्याचं जे दुखतं ते मेणाचं घ्यायचं आणि माउलीपुढे ठेवायचं, ख्रिस्ती कमी आणि इतर जास्त असतात रांगेत. गुडघा दुखतो म्हणून देवापुढे मेणाचा गुडघा! लहानपणी मला हे जरा गावंढळ वाटायचं. आता वाटत नाही. ज्या देवाला स्वतःला गुडघे होते त्याच्यापुढे गुडघा ठेवायला लाज कसली.

शेवटी ४५१ मधे काल्सेडनला, हे आता इस्तंबूलमधलं काडिकोय, सगळा हिशोब एका वाक्यात बसवला. एकच व्यक्ती, दोन स्वभाव, पूर्ण देव आणि पूर्ण माणूस, आणि त्याला चार "न" लावले: न मिसळता, न बदलता, न तुटता, न वेगळे होता. बघा, त्यांनी हे *कसं* होतं ते सांगितलंच नाही. खड्ड्याभोवती चार बॅरिकेड लावले, इथून पुढे गेलात तर पडाल, एवढंच. मला तो प्रामाणिकपणा वाटतो. जुने लोक भट्टीतल्या लोखंडाचं उदाहरण द्यायचे, लाल झालेलं लोखंड, त्यात आग पण पूर्ण आणि लोखंड पण पूर्ण, घाव घातला तर लोखंडाला बसतो आणि चटका आगीचा लागतो. ठीक आहे, पण लोखंड शेवटी थंड होतं, सगळी उदाहरणं कुठेतरी थंड होतातच.

काल्सेडन सगळ्यांना पटलं असंही नाही. इजिप्तचे कॉप्टिक, इथिओपियाचे, सिरियाचे, आर्मेनियाचे चर्च म्हणाले "दोन स्वभाव" म्हटलं की दोन तुकडे पडतात, आणि ते वेगळे राहिले ते आजपर्यंत. फोर्टमधे ऑफिसच्या गल्ल्यांत एक जुनं आर्मेनियन चर्च आहे, समोरून हजारो लोक डबे घेऊन जातात. ते वेगळं चर्च का, याचं उत्तर पंधराशे वर्षांपूर्वीच्या या एका वाक्यात आहे. हल्ली दोन्हीकडचे मोठे धर्मगुरू बसून बोललेत आणि बऱ्याच अंशी मान्य केलंय की आपण शब्दांवरून भांडत होतो. चला, उशिरा का होईना.

"मग तो बाळ असताना जग कोण चालवत होतं?" हा प्रश्न मालाडच्या मैत्रिणीचा, आणि मला सगळ्यात आवडलेला. लाईट गेल्यावर जनरेटर कोण बघतं असं विचारल्यासारखा. अथानासियसने याचं उत्तर चौथ्या शतकातच दिलंय: देव त्या शरीरात कोंडला गेला नव्हता, दुसरीकडची जागा रिकामी पडली नव्हती, शरीरात असताना तोच सगळ्या विश्वाला धरून पण होता. म्हंजे गव्हाणीत झोपलेला आणि ताऱ्यांना धरून ठेवणारा एकच. डोकं गरगरतं, मान्य आहे. प्रेषित पौलाने फिलिप्पैकरांना लिहिलेल्या बायबलमधल्या पत्रात म्हटलंय की त्याने स्वतःला रिक्त केलं. याचा अर्थ देवपण काढून कपाटात ठेवलं असा बहुतेक लोक लावत नाहीत, तर मोठेपणाचा हक्क वाजवून घेतला नाही असा लावतात. येशू स्वतः म्हणतो की शेवटचा दिवस पुत्रालाही माहीत नाही, यावर धर्मपंडित आजही एकमेकांशी पूर्ण सहमत नाहीत आणि मी तर त्यात पडणारच नाही.

आणि मूर्तींचं पण याच्याशीच आहे. ताईंनी हळूच विचारलं, "तुमच्यात मूर्ती चालत नाही ना, मग हे सगळं काय मांडलंय?" आठव्या शतकात यावरून खूप मोडतोड झाली, चित्रं जाळली, आणि ७८७ च्या सभेने म्हटलं की देवाचं चित्र आधी काढता येत नव्हतं कारण तो दिसत नव्हता, आता त्याला चेहरा आहे, आईसारखं नाक असेल, तेव्हा चित्र चालेल, पूजा मात्र चित्राची नाही. सगळे प्रोटेस्टंट हे मानत नाहीत, पण आमच्या हॉलमधे मांडलेला तो पसारा त्या निर्णयामुळेच आहे. गोठ्याचा देखावा मांडायची पद्धत लोकप्रिय झाली ती असिसीच्या फ्रान्सिसमुळे, १२२३ मधे इटलीत ग्रेच्चो गावात त्याने खरा बैल, खरं गाढव आणि पेंढा आणून रात्रीची मिस्सा केली.

आमची क्रिब त्यामानाने साधी. आठ-दहा दिवस आधी ताटल्यांत नाचणी पेरायची म्हंजे २४ तारखेपर्यंत छान हिरवं गवत येतं. तपकिरी कागद चुरगळून डोंगर, आरशाचा तुकडा म्हंजे तळं, थर्माकोलवर आता मम्मी ओरडते म्हणून पुठ्ठ्याचं छप्पर. गव्हाण २४ ला रात्रीपर्यंत रिकामी. मध्यरात्रीच्या मिस्साहून आलं की घरातला सगळ्यात लहान बाळ ठेवतो. आमचं बाळ मूळ सेटमधलं नाही, ते कधीतरी हरवलं आणि आजीने दुसरं आणलं ते मापात नाही, बैलापेक्षा मोठं आहे. चौघीजणी ते बघून खूप हसल्या.

त्या मिस्सात एक गोष्ट होते. एरवी दर रविवारी श्रद्धेची घोषणा म्हणताना "माणूस झाला" या ओळीला आम्ही वाकतो, निम्म्या लोकांचं लक्ष पण नसतं. पण नाताळला आणि २५ मार्चला, म्हंजे बरोबर नऊ महिने आधी, देवदूताने मरियेला निरोप दिला त्या सणाला, त्या ओळीवर सगळं चर्च गुडघ्यावर येतं. भरजरी साड्या, सूट, रडणारी पोरं, म्हाताऱ्या बायका बाकाला धरून खाली जातात, हाडांचे आवाज येतात. एका ओळीपुरतं. मग परत उभे.

ताईंचा शेवटचा प्रश्न उरलाच होता. "पण वर गेल्यावर ते शरीर सोडलं असेल ना?" नाही. श्रद्धा अशी आहे की तो पुन्हा उठला तो शरीरासकट, शिष्यांना विश्वास बसेना म्हणून त्यांच्यासमोर भाजलेल्या माशाचा तुकडा खाल्ला, हे आम्हा मासे खाणाऱ्यांना एकदम पटतं. थोमा नावाच्या शिष्याला हातावरचे खिळ्यांचे व्रण दाखवले, म्हंजे व्रण तसेच होते, भरून निघाले नव्हते. आणि तसाच वर गेला, माणूस म्हणूनच, आजही.

ताई तोपर्यंत क्रिबपाशी वाकून बघत होत्या. बाळाचा डावा हात कधीतरी मनगटापासून तुटलाय, फेविक्विकने चिकटवलाय, पिवळी रेघ दिसते. त्या मम्मीला म्हणाल्या, "अहो, क्रॉफर्ड मार्केटला नवीन मिळेल की, मापाचं पण मिळेल."

"नको, हाच बरा आहे," मम्मी म्हणाली आणि आमचे ते गोल पाव, फुगे, तळायला आत गेली.